टायर कधी बदलायचा? (एक सोळांश इंचाची गोष्ट)

मे महिना संपत आला की आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास गर्दी होते. एक छत्र्या-रेनकोटच्या दुकानात आणि दुसरी गॅरेजमधे. पावसाळ्याआधीची सर्व्हिसिंग! ऑइल बदला, वायपरचं रबर बदला, ब्रेक बघा, बॅटरीचं पाणी बघा... आणि मग गाडी लिफ्टवर चढली की तो प्रश्न येतोच, "साहेब, टायरचं काय करायचं?"

आता यावर गॅरेजवाला म्हणतो अजून दहा हजार आरामात जातील. टायरच्या दुकानातला म्हणतो आजच बदला, रिस्क कशाला. सोसायटीतले काका म्हणतात, आमच्या वेळी कॅनव्हास दिसेपर्यंत टायर वापरायचो, काही झालं नाही. तिघांचाही आवाज सारखाच ठाम. आणि आपण आपले कधी टायरकडे, कधी त्यांच्याकडे बघत उभे.

इंजिनियर माणसाला अशा वेळी एक खाज सुटते. याला काही आकडा आहे का? आहे! १.६ मिलिमीटर. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत (१९८९) ९४ नंबरचा नियम टायरचा आहे. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो टायर रस्त्यावर चालवायचा नाही. दुचाकी-तीनचाकीला ०.८. नव्या कारच्या टायरला साधारण ७ ते ८ मिमी खोल खाचा असतात, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर रबर रस्त्याला अर्पण केलं की खेळ खलास.

पण १.६च का? दीड का नाही? दोन का नाही? कुठल्याही कोडमधे असा विचित्र आकडा दिसला की समजावं, हा दुसऱ्या कुठल्यातरी युनिटमधून आलाय. तसंच निघालं. एक सोळांश इंच म्हणजे १.५८७५ मिमी. गोळाबेरीज १.६! म्हणजे आपला मेट्रिक नियम हा खरा अमेरिकन इंचाचा अपूर्णांक आहे. तो तिथे कसा पोचला हे शोधता शोधता दोन वीकेंड गेले, आणि आकड्यापेक्षा त्याच्या मागची माणसंच जास्त इंटरेस्टिंग निघाली. म्हणून हा लेख. (लांबलाय. चहा घेऊन बसा.)

सुरुवात रबरापासून करावी लागेल. नुसतं रबर हे अत्यंत निरुपयोगी प्रकरण. उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर नावाच्या एका कर्जबाजारी अमेरिकन माणसाने १८३९ मधे गंधक आणि उष्णता वापरून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८४४ मधे पेटंट मिळालं, पण ते राखण्यासाठीच्या कोर्टकचेऱ्यांत बिचारा बुडाला आणि १८६० मधे गेला तो डोक्यावर कर्ज ठेवूनच. आज त्याच्या नावाने जी टायर कंपनी आहे ती त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी काढली, त्याच्या घरच्यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

व्हल्कनायझेशनमधे होतं काय, तर रबराच्या लांबच लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधल्या जातात. उकडलेल्या नूडल्सना जागोजागी गाठी मारल्यासारखं. त्यामुळे ताणलं तरी रबर परत जागेवर येतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : या गाठी कारखान्यात मारून संपल्या असं होत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन आपलं काम वर्षानुवर्षं चालू ठेवतात, काही गाठी नव्याने बसतात, काही साखळ्या तुटतात, आणि रबर हळूहळू कडक होत जातं.

हवेच्या टायरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप, मुलाची तीनचाकी सायकल, १८८८ चं पेटंट. पुढे कळलं की रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हेच पेटंट १८४५ मधे घेऊन ठेवलं होतं, आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं. थॉमसन फारच लवकर जन्माला आला. तेव्हा मोटारी सोडा, धड सायकलीही नव्हत्या. १८९५ मधे मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. वाटेत इतके पंक्चर झाले की ठरलेल्या वेळेच्या कितीतरी नंतर पोचले. पण गाडी पोचली, आणि तेवढं पुरलं.

हे सगळे टायर गुळगुळीत होते बरं का. आणि काळे नव्हते! पांढुरके, राखाडी असायचे. (मिशेलिनचा तो गुबगुबीत माणूस पांढरा का, याचं उत्तर हे. तो १८९८ चा आहे.) कार्बन ब्लॅक म्हणजे साधी काजळी रबरात घातली तर ते कितीतरी पटींनी कमी झिजतं हा शोध विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. काजळीने उन्हापासूनही संरक्षण मिळतं. नजर लागू नये म्हणून आपल्याकडे लावतात ती हीच! असो.

टायरला नक्षी आली १९०४ च्या सुमारास, जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीकडून. १९०८ मधे अमेरिकेत हार्वे फायरस्टोनने त्यात कमाल केली. त्याच्या टायरवर नक्षी म्हणून चक्क कंपनीचं नाव आणि 'नॉन स्किड' ही अक्षरंच तिरकी कोरलेली होती. ओल्या मातीच्या रस्त्यावरून गाडी गेली की मागे जाहिरात छापत जायची! घसरणं थांबवायचं म्हणजे टायरला कडा पाहिजेत एवढं लोकांना अनुभवाने कळलं होतं. पण नक्की काय होतं, किती खोल खाच लागते, हे कुणी मोजलेलं नव्हतं.

ते मोजलं विमानवाल्यांनी. १९५० च्या दशकात जेट विमानं आली, उतरण्याचे वेग वाढले, आणि ओल्या धावपट्टीवर विमानं ब्रेक मारूनही सरकत पुढे जायला लागली. नासाच्या व्हर्जिनियातल्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न नावाचा इंजिनियर यामागे लागला. त्याच्या आणि रॉबर्ट ड्रेहर यांच्या १९६३ च्या अहवालात एक सूत्र आहे, इतकं साधं की कुठल्याही इंजिनियरला मोह पडावा. टायर पाण्यावर पूर्ण तरंगायला लागण्याचा वेग, मैल प्रति तासात, म्हणजे १०.३५ गुणिले हवेच्या दाबाचं (पीएसआयमधलं) वर्गमूळ. बस्स. गाडीचं वजन त्यात नाहीच! (ते दाबात आलंच, कारण वजन भागिले जमिनीला टेकलेला भाग म्हणजे जवळजवळ आतला दाबच.)

आपल्या युनिटमधे घालून बघा. ३२ पीएसआय असेल तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा कमी होऊन २४ वर आली असेल तर सुमारे ८२. त्या वेगाच्या वर टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो, त्याच्याखाली पाण्याची पाचर घुसलेली असते, आणि स्टिअरिंग म्हणजे नुसती शोभेची वस्तू. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे. जुलै महिन्यात खंडाळ्याच्या वर जो पाऊस असतो तो आठवा आणि हा ९४ चा आकडा त्याच्या शेजारी ठेवा.

आता यात नक्षीचा संबंध असा. रस्त्यावरच्या पाण्याला टायरखालून निघून जायला वाट हवी. खाचा खोल असतील आणि पाण्याचा थर उथळ असेल तर पाणी खाचांतून निघून जातं आणि वरचं सूत्र लागू होत नाही. खाचा भरल्या, किंवा उरल्याच नाहीत, की लागू. थोडक्यात काय तर नक्षी ही गटार आहे. कोरड्या रस्त्यावर पकड रबर देतं, नक्षी नाही. म्हणूनच रेसच्या गाड्या कोरड्यात गुळगुळीत टायर वापरतात. आणि म्हणूनच ते काका खोटं बोलत नसतात. नोव्हेंबर ते मे गोटा टायर त्यांना काही दगा देत नाही. मग एका जूनमधे पहिली सर येते.

तर १९६० चं दशक. अमेरिकेत रस्त्यांवर दरवर्षी पन्नास हजारांच्या आसपास माणसं मरत होती. राल्फ नेडरचं पुस्तक १९६५ मधे आलं, गाजलं, आणि १९६६ मधे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्याखाली टायरसाठी जो मानक क्रमांक १०९ आला, त्यात एक बारीकशी अट होती : प्रत्येक टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे हवेत, एक सोळांश इंच उंचीचे. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की आडव्या पट्ट्या दिसायला लागतात. आपल्या टायरच्या बगलेवर छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं दिसतील. त्या रेषेत आत खाचेत बघा, सापडतील.

मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली. मोजपट्टी नको, गॅरेजवाल्याचं मत नको, वस्तूच स्वतः सांगते की मी संपले. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉगिंग-मॉनिटरिंगच्या एवढ्या गप्पा मारतो, पण इतका स्वस्त आणि न बिघडणारा अलर्ट मी तरी अजून पाहिलेला नाही.

पण एक सोळांशच का, याचं उत्तर मात्र निराशाजनक आहे. ही तडजोड आहे. वर्गमूळासारखी इथे काही निसर्गाने ठरवलेली रेघ नाही. खोली कमी होत जाते तशी ओल्यातली पकड आधी हळू आणि मग वेगाने कमी होत जाते, आणि कुठेतरी रेघ मारायची म्हणून मारली. ब्रिटनमधे १९९१ संपेपर्यंत १ मिमी चालत होतं, युरोपच्या सामायिक निर्देशामुळे १ जानेवारी १९९२ पासून तिथेही १.६ झालं. ३१ डिसेंबरच्या रात्री कायदेशीर असलेला टायर सकाळी बेकायदेशीर! टायर तोच, रस्ता तोच.

आजही कंपन्यांचं यावर एकमत नाही. कॉन्टिनेंटल सांगते ३ मिमीला बदला. मिशेलिन २०१७ पासून उलट सांगत आली आहे, की १.६ पर्यंत नीट चालेल असा टायर बनवा, लवकर बदलणं म्हणजे पैशांची आणि रबराची नासाडी. दोघांचाही धंदा टायर विकण्याचाच, त्यामुळे कोणाचा हेतू काय ते तुम्ही ठरवा. यातून एक चांगलं झालं : २०२४ पासून युरोपमधे कारच्या नव्या टायर मॉडेलना झिजलेल्या अवस्थेतल्या ओल्या पकडीचीही चाचणी आहे. त्याआधी सगळी मापं कोऱ्या टायरची घ्यायचे. (नव्या लॅपटॉपवर डेमो दाखवून सॉफ्टवेअर विकण्यासारखं.) माझं मत विचाराल तर कोकणात, घाटात, मावळात गाडी चालवणाऱ्याने ३ धरावं. मराठवाड्यात वर्षातून चार पाऊस बघणाऱ्याने थोडं ताणलं तर चालेल. कायद्याचा आकडा हा दंड कधी होईल याचा आहे, गाडी कधी घसरेल याचा नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. टायर झिजतो, झिजला की बदला. गोंधळ होतो तो यापुढे, आणि त्याला कारण एक उत्तम शोध.

जुने टायर ज्याला आपल्याकडे 'नायलॉन' म्हणायचे, ते तिरप्या धाग्यांचे. आतल्या कापडाचे थर एकमेकांना तिरके. टायर चालताना हे थर एकमेकांवर कात्रीसारखे घासतात, गरम होतात, आणि रस्त्यावरची पट्टी वळवळते. म्हणून भराभर झिजतात. मिशेलिनमधल्या मारियस मिन्योल नावाच्या माणसाने (हा तिथे छपाई विभागात लागला होता!) धागे आडवे, काठापासून काठापर्यंत सरळ टाकले आणि वर स्टीलचे पट्टे बांधले. हा रेडियल. पेटंट १९४६, बाजारात १९४९. टायर साधारण दुप्पट चालायला लागला, पेट्रोलही वाचलं.

मग अमेरिकन कंपन्यांनी लगेच उचलला असेल? अजिबात नाही. ग्राहकाने अर्धेच टायर विकत घ्यावेत असा माल कोण आनंदाने बनवेल? शिवाय सगळी यंत्रं बदलावी लागणार. वीस वर्षं त्यांनी टाळाटाळ केली. मग घाईत, जुनीच यंत्रं ठाकठोक करून फायरस्टोनने '५०० रेडियल' काढला. त्याचे पट्टे सुटायला लागले आणि १९७८ मधे सुमारे दीड कोटी टायर परत बोलवावे लागले. दहा वर्षांत फायरस्टोन जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतली. जनरल टायर कॉन्टिनेंटलकडे गेली, युनिरॉयल-गुडरिच मिशेलिनकडे. मोठ्या पाचांपैकी अमेरिकन उरली ती गुडइयर.

आपल्याकडे पहिला मोठा टायर कारखाना १९३६ चा, डनलॉपचा, बंगालमधे साहागंजला. मुंबईत शिवडीला फायरस्टोन होती, १९५८ पासून भांडुपला सिएट. (ही मूळची इटालियन, तोरिनोची.) रेडियल आपल्याकडे १९७७ मधे जेके टायरने आणला, पण ॲम्बेसेडर-फियाटच्या जमान्यात आणि त्या रस्त्यांवर त्याला कोण विचारतो! त्या गाड्यांची सर्व्हिसिंग म्हणजे ग्रीसिंग-ऑइलिंग. गाडी खड्ड्यावर घ्यायची, ग्रीसगनने एकेका निपलमधे ग्रीस भरायचं, टायर पुढचे मागे, मागचे पुढे. रेडियल घरोघरी पोचला तो मारुतीनंतर, नव्वदच्या दशकात. आणि मग गणित बदललं. कार रोज ऑफिसला जात नाही, बरीचशी पार्किंगमधे उभी असते, टायर पन्नास हजार किलोमीटरचा. म्हणजे नक्षी संपायच्या आत वर्षं संपतात. नायलॉनच्या टायरला म्हातारं व्हायला वेळच मिळत नव्हता. रेडियल म्हातारा होतो.

याचा अर्थ काय होतो ते अमेरिकेने २००० साली पाहिलं. फोर्डची एक्सप्लोरर ही त्या वेळची अतिशय खपणारी एसयूव्ही, तिला फायरस्टोनचे टायर. हायवेवर वेगात असताना टायरची वरची पट्टी सोलून निघायची आणि गाडी उलटायची. ९ ऑगस्ट २००० ला फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकेत २७१ मृत्यू या टायरशी जोडले गेले. आणि लक्षात घ्या, हे टायर गोटे नव्हते. नक्षी मोजली असती तर पास झाले असते.

या प्रकरणातला माझा नायक कोण माहितीये? स्टेट फार्म या विमा कंपनीतला सॅम बॉयडन नावाचा एक रिसर्चवाला. दाव्यांच्या फायली चाळताना त्याला एकाच प्रकारच्या टायरच्या २१ केसेस दिसल्या. त्याने जुलै १९९८ मधे सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याला ईमेल केली. रिकॉल झाला दोन वर्षांनी! मधल्या काळात ह्यूस्टनच्या एका टीव्ही चॅनेलने बातमी केली तेव्हा कुठे चक्रं हलली. फोर्डने तर १९९९ मधेच सौदी अरेबियात टायर गुपचूप बदलून दिले होते. प्रॉडक्शनमधला बग एका माणसाने २१ लॉगवरून पकडला आणि तिकीट दोन वर्षं ओपनच पडून राहिलं... ज्यांनी कुणी सपोर्टमधे काम केलंय त्यांना हे वाचून पोटात गोळा येईल.

दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्या तुटून पडल्या. फोर्ड म्हणे टायर खराब, फायरस्टोन म्हणे तुमची गाडीच उलटते आणि तुम्ही हवा २६ पीएसआय सांगता, आम्ही ३० म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. हवा कमी की बगल जास्त वाकते, जास्त वाकली की उष्णता, उष्णतेने पट्ट्यांच्या कडेचं रबर सुटतं. बहुतेक अपघात ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत झाले ते उगाच नाही. १९०६ पासून चालत आलेला हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांचा दोस्ताना मे २००१ मधे संपला. तेव्हा फोर्डचा चेअरमन होता विल्यम क्ले फोर्ड ज्युनियर, जो वडिलांकडून हेन्री फोर्डचा आणि आईकडून हार्वे फायरस्टोनचा पणतू! असं कुणी सिनेमात लिहिलं तर आपण नावं ठेवू.

यातून नवा कायदा आला, आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला टायरमधली हवा मोजून डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे वरच्या मॉडेलला ती मिळते ती या २७१ माणसांची कृपा. आणि लोकांचं लक्ष प्रथमच टायरच्या वयाकडे गेलं. २००५ मधे फोर्डने सांगितलं, सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. बऱ्याच टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे काही झालं तरी नको.

वय कसं ओळखायचं? बगलेवर 'डीओटी' लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १११८ म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. आता गंमत बघा. २००० सालाआधी हे तीनच आकडे होते! दोन आठवड्याचे आणि वर्षाला फक्त एक. म्हणजे ४०७ हा टायर १९८७ चा की १९९७ चा, कळायला मार्ग नाही. दोन आकडी वर्ष ठेवणाऱ्या कोबोलवाल्यांना आम्ही हसतो, इथे तर एकच अंक होता. त्यांचा वायटूके दर दहा वर्षांनी. कारण ज्यांनी हा कोड ठरवला त्यांच्या डोक्यात टायर दहा वर्षं जगेल हेच नव्हतं.

हा सगळा अभ्यास करायला निमित्त झालं ते आमच्या बाबांच्या गाडीचं. गाडी २०१८ ची, चाललीये जेमतेम चोवीस हजार. बाबा रिटायर्ड, गाडी आठवड्यातून दोनदा मंडई आणि एकदा देऊळ. यंदा मे महिन्यात नागपूरला लग्न निघालं आणि त्यांनी ठरवलं, समृद्धीने जायचं, स्वतः चालवत. आई, काकू आणि माझी बहीण मागे. सर्व्हिसिंगला मी बरोबर गेलो. खाचा मोजल्या, पाच मिमी! गॅरेजवाल्याने टायरवर थाप मारली, "काका, टायर एकदम कडक आहेत!"

कडक होते हे खरंच. तेच दुखणं होतं. नख रुतत नव्हतं. बगलेवर केसासारख्या भेगा दिसत होत्या. नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला त्या लवकर येतात, कारण रबरात जे संरक्षक मेण घातलेलं असतं ते टायर फिरला, वाकला तरच पृष्ठभागावर येतं. आणि कोड? १११८.

"अरे, नव्यासारखे आहेत ते," बाबा म्हणाले. "पैसे वर आलेत का तुझे?"

"बाबा, औषधाच्या बाटलीवर तारीख उलटून गेली तर बाटली भरलेली आहे म्हणून घेता का तुम्ही?"

"औषध आणि टायर एक का?"

मग मी त्यांना फोनवर समृद्धीचा नकाशा दाखवला. काँक्रीटचा रस्ता, सरळसोट, कारला १२० ची मर्यादा, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन. तासन् तास एकाच वेगात. ॲरिझोना यापेक्षा वेगळं काय असतं? हा रस्ता डिसेंबर २०२२ मधे सुरू झाला आणि काही महिन्यांतच टायर फुटण्याच्या घटना इतक्या झाल्या की २०२३ च्या उन्हाळ्यात आरटीओचे लोक प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला लागले. पण तिथला माणूस खाचा बघतो. बाबांचे टायर बघून त्याने सलामच ठोकला असता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली वाकून स्वतः तो नंबर वाचला, चष्मा वर करून. "मार्च अठरा. म्हणजे तुझं इंजिनियरिंग चालू होतं तेव्हाचे." आणि गॅरेजवाल्याला म्हणाले, "चार टायरचे किती होतील बघा. आणि जुन्यांचे किती देणार ते पण सांगा."

हा शेवटचा प्रश्न मात्र मी कापून काढला. कारण जुने टायर दिले की जातात कुठे? नक्षी चांगली दिसते म्हणून ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागतात. गोटा झालेल्यांना तर गरम ब्लेडने नव्या खाचा पाडून विकणारेही आहेत. ट्रकच्या काही टायरांत त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं आणि तसं बगलेवर लिहिलेलंही असतं. कारच्या टायरात नसतं. तिथे खाच पाडली की ब्लेड थेट स्टीलच्या पट्ट्यावर जातं. एसटीचं रिट्रेडिंग वेगळं, तिथे तपासलेल्या सांगाड्यावर नवी पट्टी शिजवून बसवतात, त्यासाठी महामंडळाचे स्वतःचे प्लांट आहेत. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. तर आम्ही जुन्या चारही टायरच्या बगला तिथेच करवतीने कापून घेतल्या. गॅरेजवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता :)

चारही एकदम घ्यायचे नसतील, दोनच परवडत असतील, तर नवे मागे लावा. हे ऐकून सगळे उलट वागतात, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. पण पुढची चाकं पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाते, आपल्याला स्टिअरिंगमधे कळतं आणि पाय आपोआप उचलला जातो. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

आणि स्टेपनी! हा शब्द मराठी नाही हे आपल्याला माहीत असतं, पण इंग्रजीही धड नाही. वेल्समधे लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मधे जादा चाकाची युक्ती काढली, कारण त्याआधीच्या गाड्यांना जादा चाकच नसायचं. पंक्चर झालं की तिथेच बसून काढायचं. त्यांचं 'स्टेपनी व्हील' जगभर गेलं. इंग्रज स्वतः तो शब्द विसरले, आपण मात्र सव्वाशे वर्षं सांभाळलाय. जुलै २०२० च्या दुरुस्तीने हवा मोजणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, त्यामुळे नव्या गाड्यांतून ती हळूहळू जाईल असं दिसतं.

बाबांच्या डिकीतली स्टेपनी सात वर्षांत एकदाही जमिनीला लागलेली नव्हती. खाचांत रबराचे ते केस अजून तसेच. दुकानदार म्हणाला, तीनच नवे घ्या, ही कोरी आहे, चौथी ही लावू, पैसे वाचतील. मी तिचा नंबर वाचायला वाकलो तर बाबा मागून म्हणाले, "वाचू नकोस. मार्च अठराच असणार. पाच द्या हो."